पाचांपैकी एक

गीतेत अर्जुन बरेच प्रश्न विचारतो. स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, हे प्रश्न हुशार विद्यार्थ्याचे आहेत. तिसऱ्या अध्यायाच्या छत्तिसाव्या श्लोकातला प्रश्न मात्र तसा नाही, तो घरात पोळलेल्या माणसाचा आहे. मनात नसताना, कुणीतरी मानगुटीला धरून ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो, असं तो विचारतो. कराडच्या एका कॉलेजात मी संस्कृत शिकवत होते, तेव्हा हा श्लोक दर वर्षी माझ्या वाट्याला यायचा. अन्वय, अर्थ, टीपा द्या, पाच मार्क. त्याच काळात माझा धाकटा भाऊ एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब केमिस्ट होता आणि संध्याकाळी घरी येईल की नाही याचा नेम नसायचा.

कृष्ण तिथे उत्तर देतो. हा काम आहे, हा क्रोध आहे, ही कधी न भरणारी आग आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आग न भरणारी असते हे आमच्या घराने पाहिलेलं आहे. अडचण पुढे येते. अध्यायाच्या शेवटी उपाय सांगितलाय तो असा, की स्वतःला स्वतःच आवर. भावाचे हात सकाळी थरथरायचे. लॅबमध्ये पिपेट धरता यावी म्हणून तो घरून निघण्याआधी न्हाणीघरात क्वार्टरमधला घोट घ्यायचा, मग हात स्थिर व्हायचे, मग तो मळीचे आणि स्पिरिटचे नमुने नीट तपासायचा. ज्या हाताने आवरायचं तोच हात दारूशिवाय स्थिर राहत नव्हता. वर्गात हा श्लोक शिकवून मी घरी यायचे ती अर्ध्या उत्तरासह.

आमचं आजोळ वारकऱ्यांचं, वडील मात्र देवाधर्माच्या फार वाटेला न जाणारे. त्यामुळे घरात शपथा दोन्ही पद्धतींच्या झाल्या. वडिलांनी भावाकडून कागदावर लिहून घेतलं, खाली सही, तारीख. आईने देव्हाऱ्यासमोर हात धरून वदवून घेतलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, तेव्हा ती पोर इतकी लहान होती की तिला तो खेळ वाटला. जेजुरीला भंडारा उचलून झाला. शेवटी मामांनी आषाढीला पंढरपुरात नेऊन माळ घातली. माळकरी माणूस दारू-मटणाला शिवत नाही, हा आमच्याकडचा सर्वांत भक्कम करार. गावात सोयरीक ठरवताना ‘मुलगा माळकरी आहे’ एवढं सांगितलं की पुढची चौकशी थांबते.

माळ काही महिने टिकली. मग एका संध्याकाळी भावजयीला ती देवघराच्या खुंटीला टांगलेली दिसली. भाऊ प्यायला जाताना ती काढून, कपाळाला लावून, खुंटीला ठेवून गेला होता. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्याने ती परत घातली. असं सुरू झालं. गावात ज्यांना कळलं ते म्हणाले, ही तर माळेची विटंबना. मामा तर वर्षभर बोलले नाहीत. मला ती खुंटी अजून विचार करायला लावते. विटंबना करणारा माणूस माळ गळ्यात ठेवून पितो. याने ती काढली, कारण तुळशीला दारूचा वास लागू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. श्रद्धा खोटी नव्हती, शपथ घेताना आवाज खोटा नव्हता. आणि तरीही पाय गुत्त्याकडे वळायचे. श्रद्धा खरी असेल तर व्यसन सुटतं, सुटलं नाही म्हणजे श्रद्धा खोटी, हा जो हिशेब आपल्याकडे सहज मांडला जातो तो त्या खुंटीपाशी चुकतो.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं ठाऊक होतं, हे मला आश्चर्याचं वाटतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. सासू त्याचा तिरस्कार करते, बायको त्याला दूर लोटते, आईबाप आणि भाऊ म्हणतात आम्ही याला ओळखत नाही, घेऊन जा बांधून. तो ठरवतो, आता या लोकांबरोबर जायचं नाही. मग फाशांचा आवाज कानावर पडतो आणि तो निघतो. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे बसून नोंदवलं, तेही निश्चय आणि घसरण एकाच श्वासात. व्यसनमुक्ती केंद्रात ज्याला ‘स्लिप’ म्हणतात त्याची यापेक्षा जुनी आणि नेमकी नोंद माझ्या माहितीत नाही.

महाभारतात तर ही गोष्ट खुद्द धर्मराजाच्या बाबतीत घडते. पहिल्या द्यूतात सगळं गेलं, भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली, तिने मागून घेतलेल्या वरांमुळे पांडव सुटले, राज्य परत मिळालं, इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. वाटेत निरोप येतो, पुन्हा एक डाव आहे. आणि युधिष्ठिर परत फिरतो. यात नाश आहे हे जाणून फिरतो, तसं बोलूनही दाखवतो, आणि कारण देतो वडीलधाऱ्याच्या आज्ञेचं. कारण तर काय, भावालाही कधी कमी पडलं नाही. पगार झाला, पगार झाला नाही, मित्राची बदली, भारत हरला. ज्याला धर्माचा अवतार म्हणायचं त्याच्याच हातून व्यासांनी हे घडवलं, यामागे व्यासांची काही योजना असावी असं मी समजते.

आणि बंदीचं म्हणाल तर मौसलपर्व वाचावं. द्वारकेत दवंडी पिटली होती की जो कोणी मद्य तयार करील त्याला नातेवाइकांसकट सुळावर चढवू. दवंडी कृष्ण-बलरामांच्या नावाने होती. पुढे तेच यादव प्रभासक्षेत्री कृष्णाच्या डोळ्यांदेखत प्यायले, जुनी उणीदुणी निघाली आणि त्यांनी एकमेकांना संपवलं. प्रत्यक्ष कृष्ण गावात राहत असताना दारूबंदी टिकली नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि त्याखाली मिळणारा पिण्याचा परवाना हा आरोग्य राखण्यासाठी दिला जातो, असं त्या परवान्यावरच म्हटलेलं असतं. आमच्या भागात कारखान्याचे अध्यक्ष सकाळी हरिनाम सप्ताहाला नारळ फोडतात आणि दुपारी डिस्टिलरीच्या विस्ताराला. दोन्ही ठिकाणी पेढे वाटले जातात. मला यात ढोंगापेक्षा विसराळूपणा जास्त दिसतो, पण हे कुणाला सांगायला गेलं की सभासदांच्या उसाच्या दराचा विषय निघतो आणि तो विषय खराच असतो.

भावाची शपथ एकदा त्याच्या जिवावर आली होती, ते सांगितलं पाहिजे, कारण हे दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी घडतं. गटारी झाली आणि त्याने श्रावण पाळायचा ठरवला. थेंब नाही. सगळे खूश. पहिल्या दिवशी घाम, थरथर, जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी झोप नाही. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून मुंग्या उतरताना दिसायला लागल्या, खाटेखाली पोलीस बसलेत म्हणून तो ओरडायला लागला, आईला ओळखेना. आळीतल्या जाणत्यांनी बाहेरचं काहीतरी लागलंय असा निर्वाळा दिला. श्रावणातला देव कोपला, माळ काढून ठेवल्याची शिक्षा मिळाली, हेही झालं. देवरुषी आला, अंगारा लावून झाला, उतारा टाकून झाला. तेवढ्यात त्याला फेफऱ्यासारखा झटका आला. समोर राहणारा एक निवृत्त कंपाउंडर म्हणाला, देव राहू द्या, जीप काढा.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे समजावलं ते मी जमेल तसं सांगते. रोज पिणाऱ्याच्या मेंदूवर दारू सतत ब्रेक दाबून धरते. मेंदू त्या ब्रेकला तोंड द्यायला स्वतःचा वेग वाढवत राहतो, वर्षानुवर्षं. दारू एकाएकी काढली की ब्रेक सुटतो आणि तो वाढलेला वेग तेवढा उरतो. मग थरथर, पहिल्या दोन दिवसांत झटके येण्याची भीती, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमाराला भास, भ्रम, ताप, नाडी धावणं. यात माणूस दगावू शकतो. म्हणून ज्याला रोजची सवय आहे त्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवतात, मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या मोठ्या मात्रेत सुरू करून हळूहळू उतरवतात, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणजे आमच्या घरातलं सर्वांत पवित्र पाऊल वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत धोक्याचं होतं. श्रावणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण कीर्तनकारांनी व्यासपीठावरून ‘आजपासून सोडा’ म्हणताना पुढे ‘डॉक्टरला विचारून’ एवढे दोन शब्द जोडले तर त्यांच्या परंपरेत काही उणं येणार नाही.

जाता जाता दुसरा एक धोका. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर असतात. त्या पुडीत नेमकं काय असतं हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. डॉक्टर ज्याला डायसल्फिराम म्हणतात ती गोळी खरी आहे, उपयोगीही आहे. ती घेतल्यावर कुणी प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच ती घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. आमटीत मिसळायची ती वस्तू नव्हे. भावजयीला शेजारणीने तसा सल्ला दिला होता. ती म्हणाली, मला विधवा व्हायचं असतं तर सोपे मार्ग आहेत.

दवाखान्यातून भाऊ थेट व्यसनमुक्ती केंद्रात गेला. महाराष्ट्रात या कामाची वाट १९८६ साली पुण्यात मुक्तांगणने मोठी केली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तेव्हा पोरं ब्राउन शुगरने, म्हणजे गर्दने, मरत होती. पुढे गावोगावी केंद्रं निघाली. चांगली निघाली तशी डांबून मारहाण करणारीही निघाली, त्यामुळे नाव न विचारता कुठेही नेऊन टाकू नये. साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था उभी करणारे नरेंद्र दाभोलकर होते, ही गोष्ट श्रद्धा आणि व्यसन या माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर चमत्काराला हात घातला त्याने व्यसनाच्या कामालाही हात घातला, आणि तिथे तर घराघरांतून लोक चमत्कारच मागायला येतात.

श्रद्धेचा प्रश्न इथे टळत नाही, कारण केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला पुढे बहुधा एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला पाठवतात, आणि एएची पहिलीच पायरी माझ्यासारखीला अडते. आम्ही दारूपुढे हतबल आहोत, हे कबूल करायचं. दुसरी, आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास. तिसरी, आपली इच्छा त्या शक्तीच्या स्वाधीन करायची. हे १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झालं. बिल विल्सन हा शेअर बाजारातला, बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही अट्टल पिणारे. बारा पायऱ्या १९३९च्या त्यांच्या पुस्तकात छापल्या गेल्या. त्यांच्यात नास्तिकही होते आणि त्यांनी भांडण केलं, म्हणून देवाच्या नावापुढे ‘ज्याला जसा समजला तसा’ अशी मोकळीक घातली गेली. वडील असते तर म्हणाले असते, मोकळीक दिली तरी देव तो देवच. मलाही सुरुवातीला ही मांडणी पटली नाही. ज्याला आधीच स्वतःवर ताबा नाही त्याला ‘तुझा ताबा नाही’ हे पाठ करायला लावायचं, यात उपचार कुठला?

विल्सनने १९६१ साली मानसशास्त्रज्ञ युंगला पत्र लिहिलं होतं. युंगने उलट लिहिलं की दारूची तहान ही खालच्या पातळीवरची, पण पूर्णत्वाचीच तहान असते. हे वाचायला सुंदर आहे आणि परिसंवादात फार चालतं. माझ्या भावाला सकाळी सात वाजता न्हाणीघरात जी तहान लागायची ती परब्रह्माची नव्हती. हात थरथरायचे थांबावेत एवढंच त्याला हवं होतं. व्यसनी माणसाला चुकलेला साधक ठरवणं हा त्याला पापी ठरवण्याचाच गोड प्रकार आहे.

मीटिंग एका चर्चच्या शाळेच्या वर्गात भरायची. खुल्या मीटिंगला घरच्यांना बसता येतं, म्हणून मी आणि भावजय गेलो. बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली, फळ्यावर चौथीचा भूगोल तसाच. एकेक जण उठून नाव सांगायचा, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचा, आणि बोलायचा. चहावाला, वकील, तलाठी, एक भटजी. सगळ्यांच्या गोष्टी चमत्कारिक सारख्या. निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, ते म्हणाले, मला देवबिव काही कळत नाही, माझा देव साडेसातला भरतो आणि नऊला सुटतो. सगळे हसले. भाऊ हसला नाही, तो माळ चाचपत होता. त्याने ती परत घातली होती. त्याच्यासाठी तिसरी पायरी म्हणजे विठ्ठल, त्यात त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकाच पायरीवर एसटीवाले काका मीटिंगच्या वेळेला शरण गेले होते आणि हा पांडुरंगाला, आणि दोघेही त्या संध्याकाळी प्यायले नव्हते.

त्यानंतर मी गीतेचा अठरावा अध्याय पुन्हा काढला. तो आम्ही परीक्षेला लावत नव्हतो. चौदाव्या श्लोकात कृष्ण म्हणतो की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. ज्या ठिकाणी ते घडतं ते अधिष्ठान, करणारा, साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. दोन श्लोक पुढे तो बजावतो की असं असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही. अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात विचारलं त्याचं उत्तर पूर्ण व्हायला पंधरा अध्याय लागले, असं मी मानते. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर म्हणतात आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता. मी पहिलं तसंच घेते, मात्र त्यात माणूस राहतो-वावरतो ती जागाही धरते, आणि पाचवं आपल्या रोजच्या अर्थाने घेते. पंडितांनी खुशाल आक्षेप घ्यावा.

आता शपथेकडे पाहिलं की तिचं काय चुकतं ते दिसतं. शपथ पाचांपैकी एकाच कारणाला धरते, कर्त्याला. तू ठरव, तू सोड, तू मर्द आहेस ना. बाकीची चार तशीच राहतात. दैवाचं नंतर पाहू. शरीर दारूवर चालायला शिकलेलं. साधनं म्हणजे खिशातला रोखीचा पगार. हालचाल म्हणजे कारखान्यातून घरी येण्याचा रस्ता, जो बरोबर गुत्त्यावरून जातो. या तिघांनी ओढलं की एकटा कर्ता किती धरणार? आणि घसरला की आपण पुन्हा त्यालाच धरतो, आणखी मोठी शपथ घालतो. उपचार केले त्यांनी या तिघांवर काम केलं. औषधांनी शरीर सावरलं. पगार भावजयीच्या खात्यात वळवला. रस्ता बदलला. आणि कारखान्यात खटपट करून त्याला डिस्टिलरीच्या लॅबमधून वजनकाट्यावर बदलून घेतलं. पगार थोडा कमी झाला. स्पिरिटचा वास मात्र दिवसाचे आठ तास नाकात जायचा तो थांबला.

जागेचं महत्त्व किती, याचा एक दाखला व्हिएतनाम युद्धाचा आहे. तिथे असताना अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे पाचांत एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ साली परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्याच गर्तेत गेलेले सुमारे ५ टक्केच निघाले. ही माणसं घरी येऊन एकदम संत झाली नव्हती. युद्ध, जंगल, स्वस्त पुडी आणि बरोबरचे पिणारे-ओढणारे, हे सगळं मागे राहिलं होतं. आपल्याकडचा व्यसनी मात्र ज्या आळीत व्यसनाला लागला त्याच आळीत परत येतो, आणि आपण म्हणतो त्याची इच्छाशक्ती कमी.

मग कर्ता सुटला का? इथे मी डॉक्टरांशीही थोडी भांडते. व्यसन हा मधुमेहासारखा आजार आहे असं केंद्रात सांगतात. ते खरं आहे, आणि ‘नालायक’ या शब्दापेक्षा शंभर पटींनी बरं आहे. पण मधुमेह झालेला माणूस बायकोच्या पाटल्या सराफाकडे नेत नाही. भाऊ एकदा भावजयीला म्हणाला, मी काय करू, मला आजार आहे. ती म्हणाली, आजार तुमचा, पाटल्या माझ्या. पाचांपैकी एक म्हणजे शून्य नव्हे. तिथल्या समुपदेशकांनी, ते स्वतः बरे झालेले व्यसनी होते, हे फार सरळ लावून दिलं. आजार लागला त्याचा जाब तुला कुणी विचारणार नाही. गोळी घेतलीस का, मीटिंगला गेलास का, तल्लफ आली तेव्हा फोन केलास का, याचा जाब रोज विचारणार. एएच्या आठव्या-नवव्या पायरीत तर ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करून भरपाई करायची असते. भावाची यादी मी पाहिली नाही. पाटल्या दोन दिवाळ्यांनी परत आल्या, वजन थोडं कमी होतं.

क्षमेबद्दल मात्र आपल्या धर्मग्रंथांनी बायकांवर अन्याय केलाय असं माझं स्पष्ट मत आहे. सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला, म्हणून वडाला दोरा गुंडाळणाऱ्या प्रत्येकीने गुत्त्यातून नवरा परत आणावा, अशी अपेक्षा असते. नाही आणला तर तिच्या व्रतात खोट. भावजय अल-अनॉनला, म्हणजे घरच्यांसाठीच्या मीटिंगला, जाऊ लागली. तिथे तिला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं की त्याचं पिणं तुझ्यामुळे लागलं नाही आणि तुझ्यामुळे सुटणारही नाही. हे ऐकून ती घरी येऊन खूप झोपली. भावाने तिची माफी मागितली तेव्हा सासू, मामा, सगळे बसले होते, मोठा प्रसंग होता. ती म्हणाली, जेवायला वाढते, माफीचं बघू. ते बघणं अजून चालू आहे, आणि त्यांचा संसार बरा चाललाय.

पाचवं कारण उरलं. त्याचा अर्थ शोधायला पोथीपेक्षा सरकारी अहवाल उपयोगी पडतो. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण २०१९ साली आलं. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५ कोटी ७० लाख लोक देशात आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. भाऊ त्या अडतिसांतला एक. कंपाउंडर समोर राहत होता, जीपमध्ये डिझेल होतं, केंद्रात खाट रिकामी होती. याला दैव म्हणायचं तर म्हणावं, पण खाटा वाढवता येतात.

केंद्रात त्याच्या शेजारच्या खाटेवर पाटण भागातला एक मुलगा होता, विशीतला. वडील नवी मुंबईत माथाडी. आमच्या डोंगरी भागातली घरंच्या घरं तिथल्या बाजारांत पाठीवर वाहिलेल्या पोत्यांवर उभी आहेत. मुलाला तिथे गर्द लागली होती. टर्की काय असते हे भावाने त्याच्याकडे बघून ओळखलं. हाडं मोडल्यासारखी, नाकाडोळ्यांतून पाणी, पायांना चैन नाही. दारूचं उतरणं जीव घेऊ शकतं, गर्दचं सहसा घेत नाही, पण घेतल्यासारखं वाटतं. तो सावरला. पहाटे भावाबरोबर हरिपाठ म्हणायचा. भाऊ म्हणतो, माझ्यापेक्षा त्याचा आवाज खरा होता. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी तो एकदा घसरला, पूर्वी घ्यायचा तेवढीच मात्रा घेतली आणि गेला. केंद्रात राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुनी मात्रा नव्या शरीराला विष होते, श्वास थांबतो.

भाऊ आता कित्येक वर्षं कोरडा आहे. दर आषाढीला म्हणतो, विठ्ठलाने वाचवलं. माझी पाच कारणं त्याला मान्य नाहीत. तो म्हणतो, ताई, तू चार मोजलीस ती विठ्ठलानेच पाठवली. यावर आमचा वाद होतो, आणि मी एकदा त्याला तो प्रश्न विचारलाच. मग त्या पोराला का नाही वाचवलं? हरिपाठ तर दोघांचा सारखाच होता.

तो म्हणाला, ते मला ठाऊक नाही. पण त्याच्या वडिलांसमोर मी विठ्ठलाने मला वाचवलं असं कधी म्हणत नाही.

ते वडील हल्ली गावीच असतात. केंद्रात पालकांची बैठक असते तेव्हा पाटणहून एसटीने येतात. देवाबद्दल, नशिबाबद्दल बोलत नाहीत. नव्या आईबापांना ते दोनच गोष्टी सांगतात. पोरगं बाहेर पडलं की पहिले काही महिने त्याला एकटं ठेवू नका, आणि घसरलं तर ओरडण्याआधी त्याचा श्वास चालू आहे का ते बघा.